लॉफ्टनचं काय?

आज पुन्हा बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचा, म्हणजे महान खेळाडूंच्या सन्मान-दालनात कोणाला घ्यावं याचा वाद रंगला आणि उत्तेजकांच्या आरोपांत अडकलेल्या बॉन्ड्स-क्लेमेन्स या बड्या खेळाडूंवरच घुटमळला. मला मात्र केनी लॉफ्टन सलतो. ६२२ चोरलेले बेस (फटक्याची वाट न पाहता धावून गाठलेले पुढचे टप्पे), फलंदाजीची .२९९ सरासरी, सेंटर फील्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या मधल्या भागात, उत्तम क्षेत्ररक्षणाचे ४ गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार. तरी २०१३ मध्ये, मतपत्रिकेवरच्या पहिल्याच वर्षी, पत्रकारांची जेमतेम ३.२ टक्के मतं! निवडीला ७५ टक्के लागतात, पण ५ च्या खाली गेलं की नाव मतपत्रिकेवरून कायमचं जातं. गोची अशी की एका मतदाराला जास्तीत जास्त १० नावंच निवडता येतात. त्या वर्षीच्या यादीत बॉन्ड्स, क्लेमेन्स, पियाझा, बिजिओ, बॅगवेल, रेन्स सगळे एकदम. उत्तेजकांवरून मतं फुटली, पत्रकारांनी एकालाही निवडलं नाही, आणि लॉफ्टन गर्दीत चिरडला. बॉन्ड्सला मतपत्रिकेवर निदान १० वर्षं तरी मिळाली. आता पत्रकारांच्या मतदानातून सुटलेल्यांचा फेरविचार करणाऱ्या हॉलच्या समितीनेच लॉफ्टनला न्याय द्यायला हवा.