घराआधी रस्ता बुडतो : दूधगंगेकाठच्या गावाची पूरपाहणी

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, निपाणी-चिकोडी पट्ट्यात पावसाळ्याआधी पूरपाहणी म्हटलं की छापील फॉर्म पुढं येतो : घरं किती, माणसं किती, जनावरं किती. एवढ्यानं झळ आधी कुणाला बसेल आणि तग कोण धरेल, हे समजत नाही. ते समजायला आम्हाला दूधगंगेकाठच्या एका गावात आठ दिवस द्यावे लागले.

सुरुवात पाण्याच्या खुणांपासून केली. 2019 च्या पुराची रेघ काही भिंतींवर अजून दिसते. एक पक्की खूण धरायची आणि गवंड्याकडची 10-12 मीटरची पारदर्शक नळी पाण्यानं भरून ती पातळी दारोदार न्यायची. नळीत बुडबुडा राहिला की पातळी चुकते, आणि ती चूक घरागणिक वाढत जाते. म्हणून दर वेळी दोन्ही टोकं आधी शेजारी धरून पाणी सारखं आहे ना, ते बघायचं. कच्च्या घरांत जोतं किती उंच आणि मातीची भिंत कुठून सुरू होते, तेही लिहायचं. अशी भिंत भर पुरात उभी राहते आणि पाणी ओसरल्यावर बसते. माणसं घर साफ करायला परततात ती नेमकी तेव्हाच.

तीच पातळी रस्त्यांवर नेली आणि सगळं चित्र बदललं. आपल्याकडं घरात पाणी शिरायच्या आधी वाट बंद होते. कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, जत्राट-भिवशी हे रस्ता वरून जाणारे बंधारे आधी पाण्याखाली जातात. 2019 आणि 2021 ला तर यमगर्णीजवळ महामार्गही बंद पडला होता. शिवाय कृष्णा फुगली की दूधगंगेचं पाणी पुढं सरकत नाही. पाऊस उघडला तरी फुगवटा राहतो. त्यामुळं ‘उंबऱ्याला पाणी लागलं की निघू’ हा हिशेबच चुकीचा. वाट किती तास चालू राहील, हे आधी काढायला हवं.

नकाशा देवळापुढं रांगोळीनं काढला. डेअरीला दूध घालायची वेळ टाळली, आणि बायकांची बैठक वेगळी, दुपारी घेतली. अंथरुणाला खिळलेली सासू, दिवस भरत आलेली सून, एकटी राहणारी म्हातारी ही घरं तिथंच कळली. गावसभेत त्यांचं नाव कुणी काढलं नव्हतं.

माणसं का निघत नाहीत, याचं उत्तर बहुतेक घरी एकच : ‘म्हशी कुठं बांधू?’ निवारा केंद्रात माणशी दिवसाला 15 लिटर पाणी धरतात. दुभत्या म्हशीला प्यायलाच 50-60 लिटर लागतं. म्हणजे 10 म्हशींचं पाणी 33 ते 40 माणसांएवढं झालं. वैरण त्याशिवाय. दावणीची सोय नसलेलं काळजी केंद्र (निवारा केंद्राचं इकडचं सरकारी नाव) कागदावरच राहतं, हे माझं ठाम मत आहे.

गावाची ताकद मोजताना वस्तू नुसती लिहून घेऊ नये, ती चालवून बघावी. ट्रॅक्टर आहे, पण किल्ली कुणाकडं, रात्री चालवणार कोण, तो वाटेच्या कुठल्या बाजूला उभा असतो? नाव आहे, पण दोर आणि जॅकेटं? विहिरीत पोहणारा पोरगा पुराच्या ओढीत टिकेलच असं नाही. नावेवर नदीत हात बसलेलेच घ्यावेत. बोअर उंचावर असली तरी वीज गेल्यावर जनरेटर लागतो, तो जोडून पाणी काढून बघितलं.

इशारा येतो क्युसेकमध्ये (सेकंदाला किती घनफूट पाणी), आणि बऱ्याचदा नुसत्या कन्नडमध्ये. कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती पाणी सुटलं, यावरून म्हातारीला काही उमगत नाही. घाटाची कितवी पायरी बुडाली, हे उमगतं. म्हणून पायऱ्यांवर मराठी आणि कन्नडमध्ये लिहून दोन रेघा मारल्या. पिवळीला पाणी लागलं की जनावरं हलवायची, तांबडीला माणसं. पिवळी रेघ कुठं मारायची ते दोन म्हशी आणि एक रेडकू गावठाणापासून माळापर्यंत चालवत नेऊन, लागलेला वेळ घड्याळावर बघून ठरवलं.