किल्ली हातात पडल्यानंतरचे नऊ महिने

बेघर माणसाला घर मिळवून देणं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर किल्ली देतानाचा क्षण येतो. संस्थांच्या अहवालांतही फोटो त्याच क्षणाचा असतो. या कामात उतरणाऱ्या स्वयंसेवकांनी सुरुवातीलाच मनाशी पक्कं करावं की किल्ली मिळते तेव्हा काम जेमतेम निम्मं झालेलं असतं. उरलेलं निम्मं जास्त अवघड असतं आणि माणसं कमी पडतात तीही तिथेच.

पहिल्या भेटीत फॉर्म काढू नका. आज रात्री झोपणार कुठे, औषधं चालू आहेत का, कुणापासून धोका आहे का, एवढंच विचारा. बाकीचं नंतर. एकच कहाणी पाच जणांना पाच वेळा सांगावी लागली की माणूस सहाव्या वेळी येतच नाही. म्हणून माहिती एकदाच, एकाच व्यक्तीने लिहून घ्यावी आणि ती कुणाकुणाला दाखवायची याची लेखी संमती घ्यावी. बऱ्याच शहरांत संस्था, दवाखाने आणि स्थानिक प्रशासन मिळून बेघरांची नावानिशी यादी ठेवतात आणि ठरावीक दिवशी एकत्र बसून एकेका नावावर बोलतात. नुसत्या आकड्यांपेक्षा अशी यादी कितीतरी कामाची, कारण कोण कुठे अडकलंय ते तिच्यात दिसतं. वय, आजार, गरोदरपण, हिंसा, रस्त्यावर काढलेली वर्षं यांना गुण देऊन प्राधान्य ठरवतात. इथे एक चूक हमखास होते. अनोळखी माणसावर विश्वास नसलेला ‘माझं बरं चाललंय’ म्हणतो आणि यादीत खाली जातो. गुणांच्या जोडीला, त्याला रोज भेटणाऱ्या कार्यकर्त्याचं मत धरलंच पाहिजे.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं, पण सगळ्यात जास्त घरं अडतात ती इथेच. एका कागदासाठी दुसरा लागतो आणि दुसऱ्यासाठी पहिला. ही गाठ सोडवायची तर त्या माणसाचं नाव आधी कुठे लिहिलं गेलंय ते शोधायचं: शाळा, रुग्णालय, तुरुंग, जुनी नोकरी. तिथला दाखला मिळाला की पुढचं ओळखपत्र काढता येतं. प्रत्येक कागदावर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख जुळते का ते अर्ज भरण्याआधी पाहा. एका अक्षराच्या फरकाने अर्ज परत येतो आणि पुन्हा सगळी रांग. फी माफ होते का, तेही आधी विचारा. पत्रव्यवहारासाठी संस्थेचा पत्ता देणार असाल तर आलेलं पत्र कोण घेईल, किती दिवस ठेवेल आणि निरोप कसा पोचवेल हे ठरवूनच द्या. मूळ कागद स्वयंसेवकाच्या घरी कधीही ठेवू नयेत. ते त्या माणसाकडे जलरोधक पाकिटात असावेत, नाहीतर पोच देऊन संस्थेच्या कुलूपबंद कपाटात. स्कॅन केलेल्या प्रती मात्र हव्यातच. रस्त्यावर कागद भिजतात, चोरीला जातात, फुटपाथ मोकळे करताना सामानाबरोबर उचलले जातात.

आता खोली. घरमालकाला चार भीती असतात: भाडं थांबेल, नुकसान होईल, शेजारी तक्रार करतील आणि तेव्हा फोन कुणाला करायचा हे कळणार नाही. दयेचं आवाहन करण्यापेक्षा या चार भीतींना उत्तरं द्यावीत. अनामत रकमेऐवजी लेखी हमी देता येते. त्यात कमाल रक्कम, मुदत आणि नुकसान कसं सिद्ध करायचं हे स्पष्ट लिहावं. त्याच दिवशी उचलला जाईल असा एक फोन नंबर द्यावा. खोटं काही सांगू नये, पण आजार किंवा जुना गुन्हा संमतीशिवाय उघडही करू नये.

खोली दिवसा पाहिली तशी अंधार पडल्यावरही एकदा पाहावी. दाराला आतून कडी आहे का, पाणी, संडास, वायरिंग, ओल, जिने चढवतील का, दवाखाना आणि कामाची जागा किती लांब. दोन-तीन पर्याय दाखवावेत आणि निवड त्या माणसाची असावी. स्वतः निवडलेल्या खोलीसाठी माणूस झगडतो. भाडेकरार त्याच्याच नावावर हवा. भाडं साधारणपणे उत्पन्नाच्या 30 टक्क्यांच्या आसपास राहावं. निम्म्यावर गेलं की एका आजारपणात थकबाकी सुरू होते.

‘आधी व्यसन सोड, मग घर’ ही जुनी पद्धत. तिच्याऐवजी आधी घर आणि सोबत ऐच्छिक मदत, हा मार्ग सॅम सेम्बेरिस यांच्या ‘पाथवेज टू हाउसिंग’ या संस्थेने 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केला. त्याला ‘हाउसिंग फर्स्ट’ म्हणतात. फिनलंडने 2008 पासून तो राष्ट्रीय धोरणात आणला आणि जुनी वसतिगृहं भाड्याच्या घरांत बदलली. कॅनडात 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत याची मोठी चाचणी झाली. या मार्गाने गेलेले लोक घरात कितीतरी अधिक टिकले. व्यसन आणि मानसिक आजार यांत मात्र, तुलनेसाठी नेहमीच्याच सेवांवर ठेवलेल्या दुसऱ्या गटापेक्षा फारसा फरक पडला नाही. देणगीदारांना हा दुसरा भागही सांगावा. घर मिळाल्याने घर मिळतं. उपचारांची सोय वेगळी करावीच लागते.

राहायला जाण्याचा दिवस सुट्टीच्या आदल्या दिवशी ठेवू नये, कारण पहिल्या दोन रात्रींत काही बिघडलं तर फोन उचलायला कुणी नसतं. गादी, चादर, पांघरूण, एक पातेलं, ताट, पेला, बादली, साबण, बल्ब, कुलूप, चार्जर आणि पडदा एवढं आधीच नेऊन ठेवा. पडदा विसरू नका. वर्षानुवर्षं सगळ्यांच्या नजरेसमोर झोपलेल्या माणसाला तो फार लागतो. मीटरचं रीडिंग आणि प्रत्येक भिंतीचा तारखेसह फोटो घ्या.

मग खरे महिने सुरू होतात. काही जण जमिनीवरच झोपतात, दिवसभर जुन्या जागी जाऊन बसतात. त्याला अपयश समजू नका, त्यांची माणसं तिथे आहेत. एकटेपणा खोली सोडायला लावतो. जुने सोबती राहायला येतात, नाही म्हणवत नाही, शेजारी तक्रार करतात. कधी बाहेरचे लोक खोलीचा ताबाच घेतात. पाहुण्यांविषयी काय बोलायचं हे आधीच मिळून ठरवावं. ‘संस्था परवानगी देत नाही’ असं म्हणायची मुभा त्याला द्यावी. घरमालकाला पहिल्या महिन्यात आपणहून फोन करावा, तक्रार येण्याची वाट पाहू नये. न फोडलेली पाकिटं साचू लागली की समजावं, काहीतरी बिनसलंय. भाडं चुकलं तर त्याच आठवड्यात घरी जावं, पत्र पाठवून भागत नाही.

रुग्णालय किंवा निवाऱ्यातून बाहेर पडणाऱ्यांसाठी ‘क्रिटिकल टाइम इंटरव्हेन्शन’ ही पद्धत नऊ महिन्यांची, तीन-तीन महिन्यांच्या टप्प्यांत आहे. आधी कार्यकर्ता सतत सोबत असतो, मग दवाखाना, नातलग, शेजारी यांचा आधार पेलतो का ते पाहतो, शेवटी हळूहळू बाजूला होतो. सुटकेची तारीख कळताच काम सुरू व्हायला हवं, दारातून बाहेर पडल्यावर नाही.

हिंसेतून सुटलेल्या बाईचा पत्ता कुठल्याही सामायिक यादीत लिहू नका. फोनचं लोकेशन, नवऱ्याला पासवर्ड माहीत असलेलं खातं, मुलांच्या शाळेची नोंद, या तीन वाटांनी पत्ता बाहेर जातो.

स्वयंसेवकाने पैसे हाताळू नयेत, घराची तारीख कबूल करू नये, घरभेटीला एकट्याने जाऊ नये. कार्यालयात सोबत जाणं, रांगेत बसणं, साहेबांनी काय सांगितलं ते लिहून घेणं, हे मात्र त्याच्याइतकं चांगलं कुणी करत नाही.

आणि खोली सुटलीच, तर घरातून काढण्याची नोटीस येण्याआधी ती रीतसर परत करावी, म्हणजे पुढच्या घरमालकासमोर नाव खराब होत नाही आणि हमीची रक्कमही वाचते. सामान संस्थेत ठेवावं, कारण लिहून घ्यावं, नाव त्याच दिवशी पुन्हा यादीत घालावं. कार्यकर्ता तोच राहतो, भेटीचा वारही तोच.