कीर्तनकार बुवांची चार कपाटं

धर्म, साहित्य आणि संगीत या तिन्हींची पुस्तकं एकाच घरात भरभरून सापडली, तर त्या घरात बहुधा एखादा शिक्षक होऊन गेलेला असतो, नाही तर कीर्तनकार. मिरजेच्या ब्राह्मणपुरीतल्या त्या घरात कीर्तनकार होते. बुवा जाऊन बरीच वर्षं झालेली. वाडा पाडून इमारत होणार होती, म्हणून चार लाकडी कपाटं रिकामी करायची होती. जुन्या पुस्तकांचा व्यवहार करणारा म्हणून मला बोलावणं आलं. माझ्या आधी एक रद्दीवाला काटा घेऊन येऊन गेला होता, आणि एक ग्राहक फोनवरून फक्त गीतारहस्य आणि भातखंड्यांच्या संगीतपुस्तकांचा संच मागत होता.

“काकू, यातलं कुणी काही काढलंय का?” मी घरातल्या सूनबाईंना विचारलं. त्याही आता सत्तरीच्या.

“मामंजी धूळ झटकायलासुद्धा हात लावू द्यायचे नाहीत. नंतर आम्हीही नाही लावला. आळस म्हणा हवं तर.”

असा आळस आमच्या धंद्यात फार मोलाचा. मांडणी जशीच्या तशी असली तर पुस्तकाला हात लावण्याआधी प्रत्येक खणाचा समोरून एक फोटो काढायचा, खणावर क-१, क-२ अशी चिठ्ठी लावायची आणि त्याच क्रमाने एकेक खण खाली उतरवायचा. पुस्तक काढताना कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढायचं नाही, जुनी कापडी बांधणी तिथेच फाटते. दोन्ही बाजूंची पुस्तकं जरा आत ढकलायची आणि मधलं पुस्तक कुशीला धरून बाहेर घ्यायचं. धूळ मऊ ब्रशने कण्याकडून बाहेरच्या बाजूला झाडायची, पुस्तक घट्ट मिटलेलं ठेवून. उघड्या पुस्तकावर ब्रश फिरवला की सगळी धूळ शिवणीत जाऊन बसते.

साधारण नऊशे पुस्तकं होती. पहिल्या कपाटाचा दुसरा खण पाहिला आणि हा संग्रह वेगळा आहे हे लक्षात आलं. महाभारताचं आदिपर्व, शेजारी मोरोपंतांच्या आर्या, तिला लागून सौभद्र नाटकाची प्रत, मग त्याच नाटकाची पातळ पद्यावली, म्हणजे पदांची चोपडी, आणि शेवटी चिजांचं, म्हणजे रागातल्या बंदिशींचं, एक पुस्तक. ग्रंथपालाने ही पाच पुस्तकं पाच ठिकाणी लावली असती. बुवांनी ती सुभद्राहरणाच्या आख्यानाला लागतात म्हणून एकत्र ठेवली होती. खालच्या खणात रघुनाथ पंडितांचं नलदमयंती स्वयंवराचं काव्य, वनपर्व, दोन नाटकं आणि एक बाड, म्हणजे हाताने लिहिलेली जाड वही. सगळा संग्रह आख्यानांप्रमाणे लावलेला होता.

नारदीय कीर्तन ज्यांनी ऐकलंय त्यांना यात नवल वाटायचं नाही. पूर्वरंगात, म्हणजे पहिल्या भागात, एक अभंग घेऊन निरूपण, मध्ये नामगजर, मग उत्तररंगात आख्यान, म्हणजे कथा. आणि आख्यानात ओवी, आर्या, साकी, दिंडी, कटाव, श्लोक, पद असं सगळं यायला हवं. म्हणजे गाथा, पुराण, पंडिती काव्य, नाटक आणि रागसंगीत ही कीर्तनकाराला एकाच कामाची अवजारं. बुवांची टिपणवही चौथ्या कपाटाच्या खालच्या फडताळात, लाल कापडात बांधलेली मिळाली. प्रत्येक आख्यानाला दोन पानं: पूर्वरंगाचा अभंग, दृष्टांत कुठून घ्यायचा, कोणतं पद कोणत्या रागात आणि तालात, आणि समोर पुस्तकाचा पृष्ठांक.

आता यातला व्यवहाराचा पेच. वहीत अभंगापुढे ‘गाथा’ असं लिहून नुसता क्रमांक दिलेला. तुकोबांच्या गाथेच्या आवृत्त्यांमध्ये अभंगांचे क्रमांक जुळत नाहीत. इंदुप्रकाश छापखान्याची १८६९ची सरकारी मदतीने निघालेली गाथा, जोगमहाराजांची सार्थ गाथा, १९५० नंतरची शासकीय गाथा, अशा कितीतरी. बुवांच्या प्रतीचं मुखपृष्ठ गेलेलं, पहिली सोळा पानं गेलेली; रद्दीवाल्याच्या हिशेबाने ती पहिली फेकायची वस्तू. पण वहीतले क्रमांक त्याच प्रतीला लागत होते. पानांत खोचलेल्या चिठ्ठ्यांवर आख्यानांची आद्याक्षरं होती: सु. ह., न. द., गजें., म्हणजे सुभद्राहरण, नलदमयंती, गजेंद्रमोक्ष. असल्या चिठ्ठ्या ‘स्वच्छता’ म्हणून काढणारे विक्रेते मी पाहिलेत. एक चिठ्ठी काढायची झाली तरी आधी ती कोणत्या पानात होती ते पेन्सिलीने तिच्याच पाठीवर लिहावं. पेन नको, शाई पलीकडे उतरते.

मुखपृष्ठ नसलेल्या पुस्तकांचा काळ ठरवणं हे दिवसातलं सर्वांत वेळखाऊ काम. काही खुणा पक्क्या आहेत. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक १९५७च्या दशमान नाण्यांआधीचं, ‘किं. १।’ म्हणजे सव्वा रुपया, ‘॥’ म्हणजे आठ आणे. प्रस्तावनेखाली शक असेल तर ७८ मिळवायचे, पण तिथे पौष, माघ किंवा फाल्गुनातली तिथी असेल तर इंग्रजी वर्ष बदललेलं असू शकतं, तेव्हा ७९. ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘मध्यें’ असे अनुस्वार आणि ‘आवृत्ति’ असा ऱ्हस्व शेवट दिसला तर मजकूर बहुधा १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधी जुळवलेला. मात्र छपाईही तेव्हाचीच असं धरून चालायचं नाही. जुन्या पानांचे फोटो घेऊन ऑफसेटवर काढलेल्या नव्या आवृत्त्यांत तेच अनुस्वार तसेच येतात. अशा वेळी पानामागून बोट फिरवावं. धातूच्या खिळ्यांच्या छपाईचा दाब मागच्या बाजूला जाणवतो, ऑफसेटचा नाही. शिळाछाप, म्हणजे दगडावरून काढलेली छपाई, तीही मागून सपाटच लागते, पण ती नजरेला ओळखू येते: अक्षरं हाताने लिहिलेली, त्यामुळे एकाच ओळीतले दोन ‘क’ सारखे नसतात. ‘अेक’, ‘अितिहास’ अशी अक्षरं असली तर छापणारा बहुधा सावरकरी लिपिसुधारणेचा माणूस.

गीतारहस्याबद्दल एक सांगायला हवं, कारण प्रत्येक घरात तोच प्रश्न येतो. “टिळकांच्या वेळचं आहे हो” असं म्हणून प्रत पुढे केली जाते. पहिली आवृत्ती १९१५ची, म्हणजे शके १८३७. पुढे इतक्या आवृत्त्या निघाल्या की जुनी कापडी बांधणी पाहून काहीच ठरत नाही. आतल्या शीर्षकपानाची मागची बाजू पाहायची. इथली प्रत पुढची होती, बरी होती आणि दुर्मीळ नव्हती. नवनीताचंही तसंच. परशुरामतात्या गोडबोल्यांचा हा काव्यसंग्रह १८५४ पासून शाळांत चालला, त्यामुळे प्रती भरपूर आणि बहुतेक शाईने रेघोट्या मारलेल्या. दुर्मीळ होत्या त्या चोपड्या: नाट्यगृहात विकल्या जाणाऱ्या पद्यावल्या, दोन टाचण्यांवर शिवलेल्या, बत्तीस पानांच्या. त्या कुणी जपून ठेवत नाही. टाचणी गंजली की भोवतीचा कागद तपकिरी होऊन गळतो आणि मधलं दुपान निसटतं. गंजलेली टाचणी ओढून काढू नये. आतून तिचे पाय सरळ करून, मग बाहेरून उचलावी.

संगीताच्या पुस्तकांत दोन गोष्टी तपासायच्या असतात. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे भाग सहा, पण संच बहुधा मिश्र असतो. हाथरसला निघालेल्या हिंदी आवृत्त्यांची लिपीही देवनागरी, कण्यावरून फरक कळत नाही. आतलं एखादं वाक्य ‘आहे’ने संपतंय की ‘है’ने, ते पाहायचं. बुवांचा तिसरा आणि पाचवा भाग हिंदी निघाला. फोनवरच्या ग्राहकाला हे सांगितल्यावर त्याचा उत्साह बराच ओसरला.

दुसरी गोष्ट स्वरलिपीची, आणि ती हाताने लिहिलेल्या वह्यांत जास्त महत्त्वाची. एका वहीत भूप रागाची चीज होती. घरातला नातू पेटी शिकतो; त्याने ती वाजवून पाहिली आणि म्हणाला, “काका, हे कुठल्या कुठे जातंय. खालून वर उडी, परत खाली.” त्याने अक्षरावरचा बिंदू तार सप्तकाचा धरला होता. भातखंडे पद्धतीत तो तसाच आहे: वर बिंदू म्हणजे तार, म्हणजे वरचं सप्तक, खाली बिंदू म्हणजे मंद्र, म्हणजे खालचं. पलुस्कर पद्धतीत वर बिंदू म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला वर उभी रेघ. वही कोणत्या पद्धतीची हे ओळखायला खालची तालाची ओळ पाहावी. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, गुणिले चिन्ह आणि खालीला, म्हणजे टाळी नसलेल्या जागेला, शून्य असेल तर भातखंडे; समेला १ आणि खालीला अधिक चिन्ह असेल तर पलुस्कर. इथे १ आणि अधिक होतं. मिरजेत हे साहजिकच. विष्णु दिगंबर पलुस्कर मूळचे कुरुंदवाडचे, आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचं शिक्षण इथेच झालं. नातवाने बिंदू उलटे वाचले आणि भूप जागेवर आला. बुवांच्या नंतरच्या वह्या मात्र भातखंडे पद्धतीत आहेत, आणि मधल्या एका वहीत दोन्हींची सरमिसळ; तिच्यावर मी वेगळी चिठ्ठी लावली, नाही तर पुढचा वाचणारा फसणार.

पोथ्या निराळ्या मोजाव्या लागतात. सुट्या आडव्या पत्रांच्या पोथीत पत्राच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच क्रमांक असतो, म्हणून ‘पृष्ठं’ न मोजता पत्रं मोजायची. काही पोथ्यांत प्रत्येक अध्यायाला क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो. तिथे पानाच्या कडेला समासात दिलेलं अध्यायाचं संक्षिप्त नाव न पाहता नुसते आकडे लावत गेलं की तिसऱ्या अध्यायाचं पाचवं पत्र सातव्यात जाऊन बसतं. पहिलं आणि शेवटचं पत्र सगळ्यांत आधी जातं, कारण ते बाहेरच्या बाजूला असतं. बांधायला सुतळी नको, ती कडा कापते; सुती फीत घ्यावी, नाही तर पूर्वीसारखं कापडच.

एका खणात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी सुरू केलेलं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलेलं ख्रिस्तायन, म्हणजे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र, होतं, ओवीच्या पोथ्यांच्या रांगेतच, दोन चिठ्ठ्यांसह. बुवांनी त्यातलं काय घेतलं ते वहीत नाही. रेव्हरंड टिळक स्वतः कीर्तनं करत, तेव्हा धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाचं वाचलं असणार, इतपत अंदाज.

नुकसान म्हणावं तर खालच्या दोन फडताळांत. वाळवी भिंतीतून आली होती, पण जुनी, मातीच्या नळ्या कोरड्या आणि रिकाम्या. कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, मात्र जिवंत होती. तीस-पस्तीस पुस्तकं वेगळी काढून प्लास्टिकच्या पिशव्यांत हवाबंद केली. ती डीप फ्रीझरमध्ये उणे अठरावर दोन आठवडे ठेवायची आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाही तर दव धरून कागद भिजतो. युद्धकाळातल्या, १९४२ ते ४६च्या पुस्तकांना काहीच करता येत नाही. कागदच तसा होता, उलटताना कोपरा हातात येतो. ती दोन जाड पुठ्ठ्यांत बांधून ठेवायची, बस.

खोकी पंधरा किलोच्या वर भरली नाहीत, प्रत्येक खोक्यावर खणाची चिठ्ठी. भाव सांगताना मी काकूंना दोन आकडे दिले: सुटं विकलं तर एक, आख्यानवार एकत्र कुणी घेतलं तर दुसरा. दुसरा आकडा कमी होता, आणि गिऱ्हाईक मिळायला वेळ लागणार होता. त्यांनी दुसरा धरला. कीर्तन शिकवणाऱ्या एका संस्थेने आख्यानांचे सगळे खण, टिपणवहीसह, घेतले. दोनदा असलेल्या पोथ्या आणि नवनीताच्या तीन प्रती मी सुट्या विकल्या. वही देण्याआधी तिचं पानन् पान स्कॅन करून नातवाकडे दिलं. स्वरलिपीच्या वह्या त्याने ठेवून घेतल्या, त्यांचे पैसे मी बिलातून वजा केले.