बसून पगार मिळत होता, तरी

"बसून पगार मिळत होता ना ताई, मग भांडलात कशाला?" भावजय विचारते, लोकलमधल्या बायका विचारतात. परवा नोकरीच्या तयारीतल्या एका अंध मुलानंही विचारलं, तेव्हा पोटात कालवलं.

राखीव जागेवर लागले, म्हणजे मला दिसत नाही हे ऑफिसला माहीत होतंच. आवक-जावकच्या टेबलावर मला शिक्का दिला. आलेल्या पत्रावर वरच्या उजव्या कोपऱ्यात मारायचा. सरळ बाजू कळावी म्हणून शिपाईमामांनी शिक्क्याच्या मुठीवर सेलोटेपची घडी चिकटवून दिली होती. अंगठा त्या घडीवर ठेवायचा आणि मारायचा. काम करतेय याचा मला अभिमान होता.

सव्वा वर्षानं एका संध्याकाळी विसरलेला डबा घ्यायला परत वर गेले. आत ठप्प-ठप्प चाललं होतं. माझाच शिक्का. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणत होती, "ताईंचे निम्मे मजकुरावर पडतात, वाचता येत नाहीत. रोज पुन्हा मारावे लागतात. त्यांना सांगू नका हं, वाईट वाटेल."

डबा न घेताच जिना उतरले.

त्या रात्री अर्ज लिहिला. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए टाकून द्या. पडद्यावरचं वाचून दाखवतं, फुकट मिळतं. उत्तर आलं, बाहेरचं सॉफ्टवेअर चालणार नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम 20 सरकारी आस्थापनेला सांगतं, वाजवी सोय करून द्या. आस्थापनेवर अवाजवी बोजा पडत असेल तर गोष्ट वेगळी. फुकटच्या सॉफ्टवेअरचा कसला बोजा? मी सवलत मागत नव्हते, काम मागत होते.

मग आधी का नाही मागितलंत, हेही विचारतात. प्रोबेशन होतं. नोकरी लागली हेच पुष्कळ वाटायचं. आज तेव्हाच्या माझ्यातल्या त्या मुलीचा राग येतो, पण तिला भित्री म्हणवत नाही. घरभाडं तिच्याच पगारातून जायचं.

7 महिन्यांनी एनव्हीडीए आलं. पण पत्रं स्कॅन करून नुसती चित्रं म्हणून चढवलेली, त्यांच्यावर ते गप्पच बसतं. नव्या प्रणालीत बटणांना नावं दिलेली नाहीत, त्यामुळे कानात नुसतं "बटन, बटन, बटन". पुन्हा अर्ज दिलाय.

अर्जात मी मैत्रिणीचं नाव घातलं नव्हतं. तरी साहेबांनी तिलाच बोलावून झापलं. आता ती मला मॅडम म्हणते. आधी तिच्याशी बोलायला हवं होतं का, ते अजून ठरत नाही.