तुम्ही विचारलंत म्हणून: मिटवलेली फाइल मी परत का पाठवते

"मॅडम, वर्डमधला तो हेडिंग मिटवायचा त्रिकोण तुम्हीच आम्हाला शिकवलात. आता आम्ही हेडिंगं मिटवून फाइल पाठवली की तुम्ही ती न वाचताच परत करता. असं का?"

गेली तीन वर्षं हा प्रश्न ऐकतेय. कधी जुने विद्यार्थी विचारतात, कधी प्रबंध नीट लावून घ्यायला आलेली मंडळी. परवा एका प्राध्यापिकांनी जरा रागानेच विचारलं, कारण त्यांची एकशे ऐंशी पानांची फाइल मी दोनदा परत केली होती. दर वेळी माझं ठरलेलं उत्तर असतं, "छपाईत घोळ होतो." ते खोटं नाही, पण खरं कारण ते नव्हे. आता एकदाच सगळं लिहून टाकते. मिटवणं म्हणजे इथे पुसणं नव्हे; हेडिंगखालचा मजकूर आत दुमडून फक्त हेडिंगची ओळ दिसत ठेवणं.

छपाईचं आधी सांगते, कारण ते लवकर संपतं. वर्डमध्ये हेडिंग मिटलेलं असताना प्रिंट दिली किंवा पीडीएफ केली, तर मिटलेला मजकूर त्यात येत नाही. पानं कमी भरतात, आणि त्याच अवस्थेत अनुक्रमणिका अपडेट केली तर तिच्यातले पान क्रमांकही चुकतात. बाइंडिंग होऊन आलेल्या एका प्रबंधात तिसऱ्या प्रकरणाची नऊ पानं नव्हती, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. पण हे टाळता येतं. प्रिंटच्या आधी कुठल्याही हेडिंगवर राइट क्लिक करायचं, 'एक्स्पांड/कोलॅप्स'मध्ये जायचं आणि 'एक्स्पांड ऑल हेडिंग्ज' म्हणायचं. दहा सेकंदांचं काम आहे. तेवढ्यासाठी मी कुणाला हेलपाटा घालायला लावला नसता.

मी हे शिकवत होते, आणि जीव तोडून शिकवत होते. वर्ड २०१३ मध्ये ही सोय लिहायच्या पानावरच आली. त्याआधी आउटलाइन व्ह्यू या वेगळ्या मांडणीत जावं लागायचं, आणि तिथला तो पानाचा उघडाबोडका अवतार बघून लोक परत फिरायचे. आता हेडिंगच्या डावीकडे माउस नेला की लहानसा त्रिकोण दिसतो, तो दाबला की खालचा सगळा मजकूर आत जातो. वर्गात मी डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संगणक-संशोधकाची गोष्ट सांगायचे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी भर सभेत पडद्यावर बाजारहाटाची साधी यादी घेतली, तिचे गट पाडले आणि ते मिटवून-उघडून दाखवले. ज्याच्यासाठी माणसाने इतका विचार केला, ते आपल्याला फुकट मिळालंय, तर वापरा, असं मी सांगायचे.

आणि अडचणी मुलांना आधी यायच्या त्या वेगळ्याच. अक्षर ठळक केलं, आकार वाढवला म्हणजे हेडिंग होत नाही. हेडिंगची स्टाइल द्यावी लागते, कंट्रोल-ऑल्ट-१ दाबून. स्टाइल दिली की मराठी अक्षरांचा आकार मनासारखा राहत नाही, कारण देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वर्ड 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या वेगळ्या खान्यात ठेवतं आणि आपण बदलत असतो इंग्रजीचा. यावरच माझे दोन-दोन तास जायचे. मग कुणीतरी विचारायचं, "हे मिटणं संपवायचं कसं?" संपवता येत नाही. त्याच पातळीचं किंवा वरच्या पातळीचं पुढचं हेडिंग येईपर्यंतचा सगळा मजकूर त्या हेडिंगच्या पोटात जातो. शेवटी साधा टाइप केलेला ऋणनिर्देश शेवटच्या प्रकरणात गडप होतो तो त्यामुळेच. हे मी फळ्यावर लिहून सांगायचे. जे सांगायला हवं होतं ते मात्र मलाच कळलेलं नव्हतं.

बाबांनी २०२१ मध्ये आठवणी लिहायला घेतल्या. त्यांचं लहानपण कोयनानगरला गेलं. आजोबा धरणाच्या कामावर कारकून होते. टायपिंग ते स्वतःच शिकले, दोन बोटांनी. वर्षभरात शंभरेक पानं झाली. त्यांचा उजवा हात थरथरतो, माउसचं चाक फिरवत पन्नास-साठ पानं खाली जाणं त्यांना जमत नाही. म्हणून एका रविवारी मी बसले आणि त्यांच्या फाइलला व्यवस्थित हेडिंगं दिली. नुसती दिली असती तर प्रश्न नव्हता. हेडिंगं मिटवून फाइल बंद केली तरी ती पुन्हा उघडताना सगळी उघडीच येते. ते होऊ नये म्हणून पॅराग्राफच्या चौकटीत 'कोलॅप्स्ड बाय डिफॉल्ट' अशी एक खूण असते. ती मी प्रत्येक हेडिंगला केली. फाइल उघडली की समोर फक्त सत्तावीस ओळी, अनुक्रमणिकेसारख्या. बाबांना म्हटलं, "हवं ते उघडायचं, लिहायचं, परत मिटवायचं." ते खूश झाले. मला स्वतःच्या कामाचा फार अभिमान वाटला होता, हेही लिहायला हवं.

आणखी एक गोष्ट मीच शिकवली होती. हात थरथरत असल्याने त्यांना शब्दांवरून माउस ओढत ओळ निवडता यायची नाही. मी दाखवलं, "डाव्या समासात एकदा क्लिक करा, पूर्ण ओळ निवडली जाते."

दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. आवाज अगदी साधा. "अगं, भूकंपाचं प्रकरण कुठे गेलं ते सापडत नाहीये. बघतेस का जरा?"

झालं होतं ते असं. त्यांच्या यादीत 'भूकंप' आणि 'अकरा डिसेंबर' अशी दोन हेडिंगं होती. पहिल्यात त्यांनी पुस्तकी माहिती लिहिली होती: ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. दुसऱ्यात त्यांच्या घरातलं लिहिलं होतं. त्या सकाळी फाइल उघडल्यावर त्यांना वाटलं, एकाच गोष्टीची दोन नावं झालीत, हे दुसरं आपण नुसतं टिपून ठेवलेलं दिसतंय. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना तो करडा त्रिकोण नीट दिसायचाच नाही. दिसली ती एक ओळ आणि तिच्या खाली लगेच पुढची. त्यांनी समासात क्लिक केलं, डिलीट दाबलं, सेव्ह केलं, दोन दिवस पुढचं लिहिलं आणि रोज रात्री फाइल बंद केली.

मिटलेलं हेडिंग असं अख्खं निवडून काढलं की त्याच्या पोटातलंही जातं. वर्ड विचारत नाही. त्याच्या हिशेबी तुम्ही ते सगळंच निवडलेलं असतं. फाइल बंद केल्यावर अनडू उरत नाही, आणि नीट सेव्ह करून बंद केलेल्या फाइलची ऑटोरिकव्हर प्रतही, म्हणजे वर्ड अधूनमधून स्वतःहून ठेवतं ती, हाती लागत नाही. मी गाडी काढून गेले, त्यांचा लॅपटॉप रात्री दोनपर्यंत धुंडाळला. माझ्या मेलमध्ये त्यांनी पाठवलेली एक जुनी प्रत मिळाली. तिच्यात 'अकरा डिसेंबर'खाली दीड पान होतं. पुढे त्यांनी त्याची अकरा पानं केली होती. ती मी एकदा, त्यांच्याच स्क्रीनवर, चहा पिता पिता वाचली होती.

त्या अकरा पानांत काय होतं ते मला तुटक तुटक आठवतं. आजीने अंधारात, अंगणात, पोरांच्या डोक्यांवर हात ठेवून मोजणी केली होती. चारच भरत होती. पुन्हा मोजलं, पुन्हा चार. पाचवं तिच्या स्वतःच्या कडेवर होतं. नऊ वर्षांचे बाबा, आईचा हात आपल्या डोक्यावर तिसऱ्यांदा आला तेव्हा घाबरले, असं काहीसं त्यांनी लिहिलं होतं. तिचे हात किती गार होते, तेही होतं. शेजारच्यांच्या दारात ट्रंक आडवी पडून दार अडलं होतं, त्याचं अख्खं एक पान होतं.

बाबांनी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. दोन पानं झाली. त्यात एक वाक्य आहे: "आईने आम्हा सर्वांना सुखरूप बाहेर काढले." मी म्हटलं, "बाबा, ती मोजणी? चार आणि पाच?" ते म्हणाले, "हो, ते होतं ना. आता तसं येत नाहीये." मी म्हटलं, मला आठवतंय तेवढं मी लिहून देते. ते म्हणाले, "नको. ते तू लिहिलेलं होईल."

हे सांगितलं की लोक मला समजावतात. बॅकअप ठेवायला हवा होता. क्लाउडवर असती तर जुन्या प्रती मिळाल्या असत्या. वडिलांना नीट शिकवायला हवं होतं. सगळं मान्य आहे. बॅकअपचं तर मी जगाला सांगते, आणि वडिलांच्या फाइलचा घेतला नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. बाबा मात्र आजही म्हणतात, "चूक माझी आहे, त्रिकोणाची नाही." मला ते पटत नाही. त्यांनी एक ओळ पाहिली आणि एक ओळ काढली. मजकूर असलेलं मिटलेलं हेडिंग आणि रिकामं हेडिंग यांत फरक केवढा, तर त्या एका त्रिकोणाचा. ज्याने मिटवलं त्याला आत काय आहे ते ठाऊक असतं. दुसऱ्याला नसतं, किंवा बाबांसारखं त्या सकाळी आठवत नाही. आणि इथे मिटवणारी मी होते, लिहिणारे ते.

माझा विरोध त्रिकोणाला नाही, दुसऱ्याच्या हातात मिटलेली फाइल देण्याला आहे. त्यात समोरचा ती कशात उघडेल हेही माहीत नसतं. लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये ही सोय ऑप्शन्समध्ये जाऊन चालू करावी लागते, गूगल डॉक्समध्ये ती पानं नसलेल्या मांडणीतच चालते. स्वतःच्या टेबलावर हवं तेवढं मिटवा. देताना उघडून द्या.

पण हाच त्रिकोण जीव तोडून शिकवणारी २०१६ मधली मी आज समोर असते, तर तिने मला सोडलं नसतं. ती म्हणाली असती, दोनशे चाळीस पानांचा प्रबंध सगळा उघडा ठेवून एखादी विद्यार्थिनी चौथं प्रकरण दुसऱ्याच्या आधी कसं नेणार? कट-पेस्ट करत? त्यात मजकूर हरवत नाही? हरवतो, मी पाहिलंय. मिटलेलं हेडिंग उचलून हलवलं की प्रकरण अख्खं जातं, एक तळटीप मागे राहत नाही. ज्या गुणामुळे बाबांची पानं गेली, त्याच गुणामुळे कुणाची तरी वाचतात. यावर मी तिला काय सांगणार?

मी नॅव्हिगेशन पेन सुचवते. व्ह्यूमध्ये जाऊन ती पट्टी चालू केली की डावीकडे हेडिंगांची यादी येते. त्या यादीत मिटवामिटवी केली तरी पानावरचा मजकूर उघडाच राहतो, आणि प्रकरण तिथूनच ओढून हलवता येतं. हल्ली वर्गात मी एवढंच शिकवते. तरी त्या पट्टीतही राइट क्लिक करून 'डिलीट' म्हटलं तर हेडिंग मजकुरासकट जातं, आणि तक्त्याच्या आत टाकलेली हेडिंगं तिथे दिसतच नाहीत. म्हणजे तीही पूर्ण सुरक्षित आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

ज्या प्राध्यापिकांची फाइल मी दोनदा परत केली, त्यांना एवढं सांगायचं होतं की तुमच्या पाचव्या प्रकरणात '५.४' आणि '५.५' अशी दोन मिटलेली हेडिंगं एकाखाली एक होती, नावं जवळजवळ सारखी. माझा माउस समासात गेला होता. मी हात मागे घेतला आणि फाइल बंद केली.

बाबांची फाइल आता एकशे चाळीस पानांची आहे, सगळी उघडी. रोज संध्याकाळी त्याची एक प्रत माझ्याकडे येते. ती नॅव्हिगेशनची पट्टी त्यांना आवडत नाही; अक्षर बारीक दिसतं म्हणतात, आणि पान अरुंद होतं. गेल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "ते पूर्वीसारखं मिटवून देतेस का? खाली जाताना हात फार दुखतो." मी त्यांना म्हटलं, रविवारी येते. रविवार उद्या आहे.