धडकेच्या आधीचे तीन सेकंद

२६ मे २०००. ऑफिसातल्या एका मित्राच्या घरी, तळघरात, आम्ही सहा-सात जण टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसलो होतो. आइस हॉकी, न्यू जर्सी डेव्हिल्स आणि फिलाडेल्फिया फ्लायर्स, मालिकेतला सातवा आणि शेवटचा सामना. डेव्हिल्स मालिकेत ३-१ असे मागे पडले होते आणि तिथून त्यांनी बरोबरी साधली होती. जिंकेल तो स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएल या व्यावसायिक लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत. पहिल्या पिरियडची आठ मिनिटंही झाली नसतील. फ्लायर्सचा एरिक लिंड्रॉस पक (रबराची चकती) घेऊन ब्लू लाइनवरून, बर्फावरच्या निळ्या रेघेवरून, मधल्या बाजूला वळला. सहा फूट चार इंचांचा गडी, त्याच्या वाटेत सहसा कोणी उभं राहत नसे. मान खाली, नजर काठीच्या टोकाशी. समोरून डेव्हिल्सचा स्कॉट स्टीव्हन्स आला आणि त्याचा खांदा लिंड्रॉसच्या जबड्यावर बसला.

लिंड्रॉस कोसळला. स्टेडियम चिडीचूप. आमच्या तळघरात मात्र आरडाओरडा झाला आणि त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता. कोणीतरी म्हणालं, बिचारा. त्यावर मी म्हणालो, "मान वर ठेवायला नको?"

हे वाक्य मला पंधरा वर्षांनी परत ऐकायला मिळालं. त्याकडे येतोच.

मी १९९८ साली न्यू जर्सीत आलो तेव्हा बर्फावरच्या हॉकीतलं मला काहीही कळत नव्हतं. पक दिसायचाच नाही. पण स्टीव्हन्स पहिल्याच सामन्यात दिसला, आणि त्याचं कारण आमचे अण्णा. अण्णा तरुणपणी कबड्डी खेळायचे, कोपरारक्षक म्हणून. त्यांचा डॅश नावाजलेला होता. अंगानं ते बारीकच, पण चढाईवाल्याचा तोल एका पायावर गेला की खांदा असा घालायचे की गडी थेट रेघेबाहेर. ते सांगायचे, "डोळ्यांकडे बघू नकोस, डोळे फसवतात. पाय बघ." मेडोलँड्सच्या त्या वरच्या रांगेतून मी चार नंबरच्या स्टीव्हन्सला बघत होतो आणि मला सारखं वाटत होतं, हा पाय बघतोय.

मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. जन्म १९६४ चा, कॅनडातल्या किचनरचा. १९८२ मध्ये किचनर रेंजर्सबरोबर ज्युनियर गटातला मेमोरियल कप जिंकला आणि त्याच वर्षी एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वॉशिंग्टन कॅपिटल्सनं त्याला पाचव्या क्रमांकावर निवडलं. अठराव्या वर्षी थेट एनएचएल, आणि तिथे मारलेला पहिलाच शॉट गोल. वॉशिंग्टनमधला स्टीव्हन्स रागीट होता. मारामाऱ्या करायचा, शिक्षा म्हणून सारखा पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन बसायचा. १९८६-८७ च्या एका हंगामात त्याच्या नावावर २८३ पेनल्टी मिनिटं आहेत. १९९० मध्ये सेंट लुईस ब्लूजनं त्याला घेतलं आणि बदल्यात ब्लूजला ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या आपल्या पाच निवडी वॉशिंग्टनला देऊन टाकाव्या लागल्या. एवढं मोजूनही तो तिथे टिकला एकच हंगाम. पुढच्या वर्षी ब्लूजनं डेव्हिल्सकडून ब्रेंडन शॅनहानला घेतलं, भरपाईचं प्रकरण लवादापुढे गेलं, आणि लवादानं निकाल दिला की स्टीव्हन्सच द्या. त्याला यायचं नव्हतं, सुरुवातीला तो रुजूही झाला नाही. असा मनाविरुद्ध आलेला माणूस पुढे आमचा कॅप्टन झाला आणि त्याच्या हातून तीन कप उचलले गेले: १९९५, २००० आणि २००३.

धडकांच्या नादात लोक एक गोष्ट विसरतात, ती मला इथे ठासून सांगायची आहे. १९९३-९४ च्या हंगामात डेव्हिल्सकडून सगळ्यात जास्त गुण कोणा फॉरवर्डनं, म्हणजे चढाईच्या खेळाडूनं, नाही, स्टीव्हन्सनं मिळवले. १८ गोल, ६० असिस्ट (गोलआधीचे पास). आणि प्लस-मायनस नावाचा जो हिशेब असतो (तुम्ही बर्फावर असताना आपल्या संघानं किती गोल केले आणि किती खाल्ले याचा) त्यात तो २२ हंगामांत, १६३५ सामन्यांत, एकाही हंगामाअखेर उणे नव्हता. एकदाही नाही. सर्वोत्तम डिफेन्समनची (बचावपटूची) नॉरिस ट्रॉफी मात्र त्याला कधी मिळाली नाही, दोनदा दुसऱ्या क्रमांकावर राहिला. मला ते आजही सलतं.

आता धडकेबद्दल. प्रशिक्षक जॅक लेमेअर आणि त्याचा सहायक लॅरी रॉबिन्सन १९९३ मध्ये डेव्हिल्सकडे आले, आणि रॉबिन्सन स्वतः त्याच्या काळातला अव्वल डिफेन्समन. त्यांच्या हाताखाली स्टीव्हन्सचा राग निवला आणि नजर उरली. डेव्हिल्स मैदानाच्या मधल्या पट्ट्यात जाळं लावल्यासारखे उभे राहायचे. पक घेऊन येणाऱ्याला भिंतीलगतची वाट बंद दिसली की तो मधे वळतो. वळताना क्षणभर पक त्याच्या पायांजवळ येतो, आणि तो सांभाळायला मान खाली जाते. हा क्षण अर्ध्या सेकंदाचा असतो. स्टीव्हन्स त्या अर्ध्या सेकंदासाठी आधीचे तीन सेकंद खर्च करायचा. कधी वेग कमी करायचा, आपल्याला जणू यात रस नाही असं दाखवायचा, मग समोरच्याच्या वळणाचा अंदाज घेऊन तिथे आधीच पोचलेला असायचा. कोपर अंगालगत, खांदा पुढे. प्रत्येक सामन्यात असं होत नसे, कित्येकदा आठवडेच्या आठवडे जात. पण समोरच्या संघातला प्रत्येक जण मधे वळण्याआधी चार नंबर कुठे आहे ते बघायचा, आणि तेवढ्यानंच त्याचा पास चुकायचा. धडक न देताही तो सामन्यावर ताबा ठेवायचा. २००० च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, त्याचे गोल तीनच होते, तरी सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी त्यालाच मिळाली.

लिंड्रॉसवरच्या धडकेला पेनल्टी नव्हती. तेव्हाच्या नियमात खांदा डोक्याला लागणं हा गुन्हाच नव्हता. डेव्हिल्स तो सामना २-१ नं जिंकले. लिंड्रॉस, ज्याच्या डोक्याला आधीही मार बसलेले होते, पुढचा अख्खा हंगाम खेळला नाही आणि फ्लायर्सकडून परत कधीच उतरला नाही.

७ जून २००३ ला ॲनाहाइममध्ये, अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात, ॲनाहाइमच्या पॉल कारियाचं तेच झालं. त्यानं पास नुकताच सोडला होता, आणि स्टीव्हन्सचा खांदा आला. तो बर्फावर निपचित पडला होता. कॅमेरा जवळ गेला तेव्हा चेहऱ्यापुढची पारदर्शक काच दिसत होती, स्वच्छ. आणि मग एकाएकी त्या काचेवर वाफ धरली. श्वास परत आला होता. थोड्या वेळानं तो बर्फावर उतरला आणि त्यानं गोलही मारला, सगळं स्टेडियम उभं राहिलं. तो सामना ॲनाहाइमनं जिंकला, सातवा आम्ही. नंतर अरीनाच्या पार्किंगमध्ये कपचा जल्लोष झाला, आणि मी लेकाला खांद्यावर घेऊन तिथे उभा होतो. तो एक वर्षाचा होता. कारियाच्या काचेवरची वाफ मला त्या दिवशी एकदाही आठवली नाही.

लेक पाचव्या वर्षी स्केट्सवर उभा राहिला. मीच उभा केला. डिफेन्समन झाला, चार नंबर मागून घेतला. २०११ मध्ये अमेरिकेत मुलांच्या हॉकीचा नियम बदलला, अंगाला अंग भिडवून चेक करायला १३-१४ वर्षांच्या गटापासूनच परवानगी राहिली. तेव्हा मी कुरकुरलो होतो, मुलं शिकणार कधी म्हणून. २०१५ च्या हिवाळ्यात, त्या गटातल्या पहिल्याच हंगामात, तो पक घेऊन मधे वळला. समोरचा मुलगा त्याच्यापेक्षा वीतभर उंच होता. आवाज काचेपलीकडे मला ऐकू आला. लेक स्वतःच उठला, स्वतःच बेंचवर गेला, आणि थोड्या वेळानं त्यानं मला विचारलं, "बाबा, आपण कुठल्या रिंकवर आहोत?"

त्यांचे प्रशिक्षक वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, मान वर ठेवायला हवी होती.

पुढचे दहा आठवडे आमच्या घरातली एक खोली अंधारी होती. पडदे ओढलेले, त्यावर चादर. त्याला प्रकाश सोसेना, भांड्यांचा आवाज सोसेना, पुस्तकाच्या ओळी हलताना दिसायच्या. त्याची आई दाराशी वाटी ठेवायची तीही पंच्यावर, आवाज नको म्हणून. मी त्याच्या पलंगाशी जमिनीवर बसून राहायचो. लिंड्रॉसच्या घरीही अशी एक खोली असणार, हे मला तिथे बसून कळलं. आणि स्टीव्हन्सच्या घरीही. कारण त्याची कारकीर्दही डोक्यानंच संपवली. २००३ च्या प्लेऑफमध्ये टॅम्पा बेविरुद्ध एक पक त्याच्या कानाजवळ येऊन आदळला होता, तरी तो खेळत राहिला, कपही जिंकला. पुढच्या हंगामात, जानेवारी २००४ मध्ये, डोक्याच्या दुखापतीच्या त्रासानं तो थांबला तो कायमचा. निवृत्ती २००५ मध्ये जाहीर केली. फेब्रुवारी २००६ मध्ये त्याचा चार नंबर छताला चढला. डेव्हिल्सनं निवृत्त केलेला, म्हणजे पुन्हा कोणाला द्यायचा नाही असं ठरवलेला, तो पहिला नंबर. मी तिथे होतो, डोळे भरून आले होते, आणि ते अश्रू मी आजही परत घेणार नाही.

२०१० मध्ये एनएचएलनं बाजूनं किंवा न दिसणाऱ्या कोनातून डोक्यावर केलेल्या धडकेवर बंदी आणली आणि वर्षभरात ती आणखी कडक केली. त्या जुन्या धडकांपैकी काही आज चालणार नाहीत. मला हा नियम हवा होता, फक्त तो वीस वर्षं आधी हवा होता. तो असता तरी स्टीव्हन्स मोठाच झाला असता असं मला मनापासून वाटतं. ज्याला तीन सेकंद आधी दिसतं त्याला खांदा छातीवर घालायला जागा सापडली असती, किंवा नुसता पक काढून घेता आला असता.

२००७ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच वर्षी, त्याच समारंभात रॉन फ्रान्सिसही गेला. २००१ च्या प्लेऑफमध्ये स्टीव्हन्सनं ज्याला आडवं केलं होतं, तोच. एकाच रांगेत उभे असलेल्या त्या दोघांचा फोटो मी बराच वेळ बघत बसलो होतो.

लेक आता बरा आहे. चेकिंग नसलेल्या लीगमध्ये खेळतो, नंबर अजून चारच. परवा घरी आला होता तेव्हा त्यानं आपणहून तो २००० चा व्हिडिओ लावला. इतकी वर्षं आमच्या घरात तो कोणी लावला नव्हता. मी उठायला लागलो तर म्हणाला, "थांबा बाबा, पुढचं नाही लावणार." धडकेच्या आधीच त्यानं चित्र थांबवलं आणि बोटानं दाखवलं, हा इथून निघाला, याला वळण आधीच कळलंय. मग थोडं मागे घेतलं, परत थांबवलं. स्टीव्हन्स अजून लांब होता. लिंड्रॉसनं अजून मान खाली घातली नव्हती.