चहातही साखर नव्हती, मग शुगर कशी?

"ताई, तुम्ही तं चहातही साखर घेत नाही. मंग तुमाले शुगर काहून झाली?"

लग्नाच्या पंगतीत, मेहकरच्या एसटीत, अंगणवाडीच्या दारात, एकदा तर मयतीच्या घरीसुद्धा हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. विचारणारी बहुतेक माझ्याच वयाची असते, माझ्यासारखीच हातपाय काटकुळे आणि पोट पुढे. तिला थोडा संशय असतो की ही चोरून पेढे खात असणार. त्याहून जास्त एक आशा असते: आपण गोड खात नाही, म्हणजे आपण सुटलो. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं नीट सांगते.

आधी ती कळली कशी ते. सात वर्षांपूर्वी मला खाज सुटायला लागली. नको त्या जागी. वर्षभर मेडिकलमधून मलम आणून लावलं, मलम संपलं की पुन्हा तेच. कोणाला सांगणार? शेवटी उपकेंद्राच्या नर्सबाईंनी बोटाला टोचलं आणि पुढं तालुक्याला तपासायला पाठवलं. उपाशीपोटी 168 निघाली. 126 च्या वर गेली की मधुमेह धरतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी असते, तिच्यात साडेसहाला हद्द, माझी 8.4. रक्तातली साखर वाढली की बुरशीला आयतं खाद्य मिळतं, म्हणून ती खाज. हे मी मुद्दाम उघड लिहिते आहे, कारण आमच्याकडे कितीतरी बायका अजून मलमच लावताहेत.

आता तुमचा प्रश्न. दिवाळीच्या आधी सोयाबीन निघतं तेव्हा बाजार समितीच्या यार्डात काय गर्दी असते, पाहिली आहे ना? तसंच धरा. आपण खातो ते पोळी, भात, आलू, साबुदाणा, सगळं पोटात गेल्यावर साखरच होऊन रक्तात येतं. ही यार्डात आलेली पोती. ती गोदामात, म्हणजे मुख्यतः स्नायूंत, नेणारा हमाल म्हणजे इन्सुलिन. शुगरच्या बहुतेक लोकांत आधी गोदामाची दारं जाम होतात. एका पोत्याला चार हमाल लागतात. शरीर हमाल वाढवत राहतं, वर्षानुवर्षं कोणाला काही कळत नाही. मग हमालच थकतात, कमी होतात, आणि पोती यार्डातच पडून राहतात. चहातल्या दोन चमच्यांनी पोती वाढतात हे खरं, पण दार जाम व्हायला फक्त तेच कारण नाही.

आणि रात्री न जेवता सकाळी शुगर जास्त का, हे कोडं मलाही होतं. यकृत स्वतःची कणगी बाळगून असतं. रात्रभर ते त्यातून साखर काढत राहतं, यार्डात आधीच ढीग असला तरी. मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः त्या कणगीला झाकण लावते.

पण दार जाम झालंच कसं? बापाला होती, तो वारसा आहेच. पूर्वी शेतात पायी जायचे, आता मुलाच्या गाडीवर मागे बसून जाते, तेही आहे. मला मात्र तिसरी गोष्ट जास्त विचारात पाडते. माझं निम्मं आयुष्य अंगणवाडीत बाळांचं वजन करण्यात गेलं. अडीच किलोच्या आत काटा थांबला की वहीत नोंद करायची आणि आईला खायला सांगायचं. एवढंच मला माहीत होतं. पुतणी नर्सिंग शिकते, तिने सांगितलं की पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जवळच्या सहा खेड्यांतल्या बाळांचा अभ्यास केला. ती सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची. आपली बाळं हाडामासाने कमी, पण चरबीत तितकी कमी नाहीत. म्हणजे गोदाम जन्मतःच लहान, आणि दारं जाम करणारी चरबी मात्र तशीच. याज्ञिकांचा एका गोऱ्या डॉक्टरसोबतचा फोटोही तिने दाखवला. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन सारखंच, पण गोऱ्याच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2. बारीक दिसणं आणि बारीक असणं यांत इतका फरक!

बाहत्तरच्या दुष्काळात माझी माय पोटुशी असताना खडी फोडायला जायची आणि मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकर खायची. मी 1973 ची. तेव्हा माझं वजन कोणी केलं नाही. त्यामुळेच मला शुगर झाली असं कोणी ठासून सांगू शकणार नाही. पण "काहून झाली" म्हणून कोणी विचारलं की मला पेढ्याआधी ती खडी आठवते.

आता महालक्ष्म्यांची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी, जेवणाच्या दिवशी, सकाळी गोळी घेतली आणि नैवेद्य होईपर्यंत उपाशी राहिले. सोळा भाज्या, आंबील, पुरण, सगळं होता होता दिवस कलला. माझ्या गोळीत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडही होतं. ते हमालांना दामटून कामाला लावतं, यार्डात पोती असोत नसोत. आरतीला उभी राहिले तर हात थरथरायला लागले, घामाने लुगडं भिजलं, जीभ जड झाली. बायकांना वाटलं अंगात आलं. कोणीतरी कपाळभर हळदीकुंकू भरलं, कोणी पाया पडलं. एकीने विचारलंही, "माय, पोराचं लग्न कधी व्हईन?"

पुतणीने घाम पाहून ओळखलं आणि साखरेचा डबा आणला. तर जाऊबाई डब्यावर हात ठेवून उभ्या! "त्याहीले शुगर आहे व, गोड देऊ नको!" त्या ओढाताणीत पुतणी जिंकली. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, मग मशीन लावलं: 52. सत्तरच्या खाली गेली की साखर आधी, पूजा मागाहून. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, मग जेवायचं. माणूस बेशुद्ध असला तर मात्र तोंडात काही ओतायचं नाही, सरळ दवाखाना. डॉक्टरांनी नंतर गोळी बदलली आणि विचारलं, "उपास करता हे आधी का नाही सांगितलं?" मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं.

खाण्याचं फार विचारू नका. गुळाने शुगर वाढत नाही म्हणतात, ते खोटं. ज्वारीची भाकर चांगली, पण चार खाल्ल्या तर तीही पोतीच आणते. आमच्या शेतात सोयाबीन आल्यापासून ज्वारी उरली नाही, विकत घेतली तर रेशनच्या गव्हापेक्षा महाग. म्हणून मी एक भाकर किंवा दीड पोळी, दाट वरण आणि दुप्पट भाजी, अंबाडी, मेथी, मिळेल ती. जेवल्यावर फाट्यापर्यंत चालत जाऊन येते. चालताना स्नायू हमालाची वाट न पाहता स्वतःच पोती ओढतात.

पायांचं मात्र विचारा, कोणी विचारत नाही. शुगरने पाय बधिर होतात. एकदा चप्पल निसटली आणि दहा पावलं मला पत्ताच नव्हता. सोबतच्या बाईने मागून हाक मारली तेव्हा कळलं. तेव्हापासून रोज रात्री आरसा धरून तळवे बघते. वावरात बूट घालते, उन्हाळ्यात देवळाच्या फरशीवर मोजे. लोक हसतात. वर्षातून एकदा डोळे आणि लघवी तपासून घेते.

तर तुमचं. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची उपकेंद्रात फुकट तपासणी होते. बायांनी कमरेला टेपही लावून बघा, 80 सेंटीमीटरच्या पुढे असेल तर उशीर नको. उपाशीपोटी या, आणि चहा पिऊन येऊ नका. बिनसाखरेचाही नाही, त्यात दूध असतं.